तिसरी शिट्टी

थोरलीला राग यायला फार काही लागत नसे. पाहुण्यांनी चिखलाचे बूट जिन्यात काढले की तिचं डोकं फिरायचं, जंगलात कुणी फोनवर बोललं की फिरायचं, आणि पांढराशुभ्र शर्ट घालून पक्षी बघायला निघालेला माणूस दिसला की ती सगळ्यांदेखत विचारायची, "साहेब, लग्नाला निघालात का?" मग धाकटा भाऊ मागून हसतहसत सारवासारव करायचा. पाहुणेघर दोघांचं होतं आणि कामाची वाटणी सरळ होती. खोल्या, चादरी, स्वयंपाक, बुकिंग आणि थोरलीने दुखावलेल्या लोकांची समजूत, हे सगळं धाकट्याकडे. मागचं फाटक ओलांडून झाडी सुरू झाली की तिथून पुढे थोरली म्हणेल ती पूर्व दिशा.

झाडी म्हणजे बारा महिने ओलं असणारं सदाहरित जंगल. शहरातल्या माणसाला वाटतं, अशा जंगलात फांदीफांदीवर रंगीत पक्षी मांडून ठेवलेले असतात. प्रत्यक्षात पहिले दोन तास नुसती मान दुखते, पायाला जळवा लागतात आणि पानं दिसतात. पक्षी असतात, भरपूर असतात, पण ते असतात कानाला. वर शेंड्यावरून धनेश गेला तर पंखांची घरघर ऐकू येते, मधल्या फांद्यांत तांबट एकसुरात टुकटुक करत बसतो, आणि खाली झुडपांत इतके बारीकबारीक आवाज एकमेकांत मिसळलेले असतात की नवख्याला सगळा मिळून एकच गोंगाट वाटतो. थोरली त्या गोंगाटातून एकेक पक्षी तांदळातल्या खड्यासारखा वेचून काढायची. म्हणायची, "हा एक, हा दुसरा, आणि तो जो तुम्हाला बेडूक वाटतोय ना, तोही पक्षीच आहे."

तिचा एकच नियम होता, आणि तो मोडणाऱ्याची ती गय करत नसे. आधी तीनदा ऐकायचं, मग बोट दाखवायचं. एकदा ऐकलं तर कान फसतो, दोनदा ऐकलं तर मन फसतं. तिसऱ्यांदा ऐकलं की मग काय ते ठरवा. पाहुणे या नियमाची चेष्टा करायचे आणि घरी जाऊन तोच नियम स्वतःचा म्हणून लोकांना सांगायचे.

हा सगळा व्याप ज्याच्या जिवावर उभा होता तो पक्षी म्हणजे काजळ्या. मुठीएवढा, आखूड शेपटीचा, पाठीवर हिरवा आणि पोटाला गडद निळा. डोळ्यावर काजळाचं बोट ओढल्यासारखी काळी पट्टी. उडायचा कंटाळा, जमिनीवर टुणटुण उड्या मारत पाचोळा उलटत फिरणार. दिसायला महाकठीण, पण पहाटे आणि सांजेला लांबलचक शिट्टी मारायचा, शेवटाला किंचित वर चढणारी. अशा तीन शिट्ट्या, मग थोडा दम, मग पुन्हा तीन. पाहुणेघराच्या मागच्या घळीत त्याची एकच जोडी होती, आणि पंचक्रोशीत दुसरीकडे कुठेच नव्हती. दोन वर्षांपूर्वी लाकूडवाल्यांनी वरच्या उतारावर रस्ता काढला, महिनाभर यंत्रं घरघरत राहिली आणि काजळ्या गप्प झाला. थोरली रोज पहाटे घळीत जाऊन कान लावून बसायची आणि परत येऊन कुणावर तरी ओरडायची.

यंदा तो परतला. थोरलीने ती शिट्टी ऐकली तेव्हा तिच्यासोबत सहा पाहुणे होते, आणि सहाही जणांनी तिला रडताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून बुकिंगचा फोन थांबेना. धाकटा म्हणाला, "बघ ताई, तुझ्या तपश्चर्येला फळ आलं." तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि तो प्रेमाचा होता.

मग एके दिवशी पाहुणे उठलेच नाहीत. दातांचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको, एवढेच दोघं मुक्कामाला होते. आदल्या संध्याकाळी घळीच्या तोंडाशी काजळ्या ऐकून डॉक्टर इतके खूश झाले की रात्री दोघं गप्पा मारत बसले आणि पहाटे घोरत पडले. थोरलीने दार वाजवलं, दोन शिव्या पुटपुटली आणि एकटीच घळीत गेली. आपल्या नेहमीच्या दगडावर बसली.

पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली, आणि तिच्या पाठोपाठ काटकी मोडल्याचा आवाज आला. काड्.

थोरलीने मागे पाहिलं. कुणीच नव्हतं. सोबत पाहुणे असले की काटक्या मोडतातच, त्यांचे बूटच तसले. त्यामुळे इतके दिवस तिने तिकडे लक्षच दिलं नव्हतं. आज तर पाय ठेवायला कुणी नव्हतं. ती श्वास रोखून बसली. थोड्या वेळाने पुन्हा तीन शिट्ट्या आणि पुन्हा काड्. तितकाच जोर, तेवढंच अंतर.

ती काटकी तिच्या ओळखीची होती. ती तिनेच मोडली होती. पाच वर्षांपूर्वी याच घळीत काजळ्याचा आवाज रेकॉर्ड करताना तिसऱ्या शिट्टीला तिचा पाय घसरला होता आणि हातचं रेकॉर्डिंग बिघडलं म्हणून तिने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली होती. ते रेकॉर्डिंग जगात दोघांकडेच होतं. एक तिच्याकडे, एक धाकट्याकडे.

शोधायला फार वेळ लागला नाही. ओढ्यापाशी एक जुनं झाड होतं, त्याची मुळं जमिनीवर फळ्यांसारखी उभी पसरलेली. त्यातल्या दोन मुळांच्या बेचक्यात पाचोळ्याचा एक नीटस ढीग होता. तिने हात घातला आणि गार, गुळगुळीत डबी बाहेर आली. साबणाच्या वडीएवढा स्पीकर, पहाटे आणि सांजेला ठरल्या वेळी आपोआप वाजणारा. तो तिच्या हातातच पुन्हा वाजला. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं.

धाकटा इस्त्रीच्या खोलीत उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होता. तिने स्पीकर त्या अभ्र्यांवर आपटला.

"हे काय आहे?"

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. खोटं बोलायचा विचार त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेला, पण थोरलीकडे बघून त्याने तो सोडला. "ताई, आधी बस तरी."

"मी उभीच बरी आहे. बोल."

"दोन वर्षं घळीत काही नाही. लोक फोन करून विचारतात, काजळ्या आहे का? नाही म्हटलं की ठेवून देतात. किती दिवस नाही म्हणू? लोक आले, ऐकून गेले, खूश झाले. कुणाचं काय बिघडलं?"

"मी रडले होते!" थोरली किंचाळली. "सहा जणांसमोर रडले होते मी! आणि तू मला म्हणालास, फळ आलं!"

यावर धाकट्याला मान वर करता येईना. "तुला सांगणार होतो. पण तू इतकी खूश होतीस, की मग सांगवेना."

"मला काय फसवायचं ते फसव. मी मेले नाही. पण त्याचं काय? तो कुठून तरी जीव वाचवून परत आला असेल घळीत. आला की त्याला काय ऐकू येणार? दुसरा नर बसलाय. आणि नरही कसला? थकत नाही, हटत नाही, समोर येऊन भांडत नाही, नुसता रोज पहाटे त्याच जागेवरून दम देतोय. अशा ठिकाणी कुठला पक्षी घर करेल? तू करशील? आपल्या दारात रोज कुणी काठी घेऊन उभा राहिला तर राहशील तू इथे?"

हे धाकट्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आलं नव्हतं याचाच थोरलीला जास्त संताप आला. आयुष्य जंगलाच्या दारात काढलं, आणि याला एवढं कळू नये!

"असे अजून किती लावलेत?"

"एकच. अजून एक होता, तो भिजून बंद पडला. फेकून दिला."

"तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा होय मी?"

"मग नको ठेवूस," धाकटा म्हणाला.

नाश्त्याच्या टेबलावर तिने तो स्पीकर पावाच्या टोपलीशेजारी ठेवला आणि डॉक्टरांना सरळ सांगून टाकलं. काल संध्याकाळी तुम्ही ऐकलात तो पक्षी नव्हता, ही डबी होती. माझ्या भावाने लावली, मी तुम्हाला ऐकवली, दोघांच्या वतीने माफी मागते. डॉक्टरांनी डबी उलटसुलट करून पाहिली, दातातली कीड बघावी तशी.

"पण यातला आवाज तर खऱ्याच पक्ष्याचा ना?"

"हो."

"आणि याच घळीत रेकॉर्ड केलेला?"

"हो, पाच वर्षांपूर्वी."

"मग माझ्या मते धरायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. ज्या पक्ष्यांचा आवाज ऐकला त्यांच्यावर ते फोनमध्ये खूण करत असत, आणि एकदा केलेली खूण पुसायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं.

"अहो, उद्या कॅलेंडरवरचा मोरही धराल," त्यांची बायको म्हणाली आणि खोखो हसली. थोरलीला हसू आलं नाही. माणसं शिव्या देतील, पैसे परत मागतील, चालती होतील, अशी ती तयारी करून आली होती. शिव्यांचा तिला आधार वाटला असता. इथे तर कुणाला काही पडलेलंच नव्हतं. एका आख्ख्या घळीतून एक पक्षी नाहीसा होतो आणि या माणसाला चिंता आपल्या खुणेची! तिने हातातला चमचा इतक्या जोरात टेबलावर ठेवला की चहा हिंदकळला.

"उद्या पहाटे तुम्हाला घळ दाखवते," ती म्हणाली. "फुकट. पक्षी नसलेली घळ कशी असते ते ऐकून जा. आणि तू पण चल," हे धाकट्याला. "थर्मास उचल आणि मागून ये. तिथे उभं राहून काय केलंस ते यांना सांग."

दुसऱ्या दिवशी चौघं निघाले. जळवा चढू नयेत म्हणून मोज्यांना मीठ लावून झालं, दुर्बिणी गळ्यात अडकल्या. वाटेत धनेशाची जोडी घरघरत गेली, कोतवाल पक्षी कुणाकुणाच्या नकला करून दमला, वेलींच्या जाळीतून बारक्या पक्ष्यांचा एक मोठा मिश्र थवा खालून वर, वरून खाली किडे टिपत निघून गेला. डॉक्टर भराभर खुणा करत होते. थोरली एकेक नाव सांगत होती, पण तिचा आवाज असा येत होता, जणू प्रत्येक पक्ष्यावर ती मनातून चिडलेली आहे. धाकटा सर्वांत मागे, खांद्याला थर्मासची पिशवी, शाळेत अंगठे धरायला लावलेल्या पोरासारखा.

घळीच्या वळणावर थोरली थांबली. "इथेच," ती म्हणाली. "ऐका. आता इथे काही नाही."

आणि ओढ्याच्या पलीकडून शिट्टी आली. लांबलचक, शेवटाला किंचित वर चढणारी.

डॉक्टर आधी दचकले आणि मग मोठ्याने हसले. "वा! तुमचा टेपरेकॉर्डर पुन्हा सुरू झाला की!"

थोरली गर्रकन वळली. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, मी नाही लावला."

"भिजला होता ना? फेकला होता ना?"

"शप्पथ ताई. आईशप्पथ. मी काल घराबाहेरसुद्धा पडलो नाही."

दुसरी शिट्टी आली. डॉक्टरांची बायको तोंडावर रुमाल धरून हसत होती. थोरलीच्या कानात आता रक्ताशिवाय काही वाजत नव्हतं. काल याने खाली मान घातली होती, आणि आज पुन्हा! तिने हातातली काठी फेकून दिली आणि ओढ्यात उतरली.

"ताई, थांब!" धाकटा ओरडला. "तिसरी ऐक! तिसरी ऐक ना ताई!"

तिने ऐकलं नाही. पाण्यातून फटाफट पाय टाकत ती पलीकडे गेली, काटेरी वेल हातानेच ओरबाडली, बुटाखाली काटक्या काडकाड मोडल्या. तिसरी शिट्टी झाली की नाही, हे त्या आवाजात तिला कळायचं कारणच नव्हतं. आवाज आला होता ती दिशा तिच्या डोक्यात पक्की होती. तसंच एक मोठं झाड, तशीच फळ्यांसारखी मुळं, त्यांच्या बेचक्यात तसाच पाचोळ्याचा नीटस ढीग. याला जागासुद्धा नवी सुचत नाही, असं मनाशी म्हणत तिने वाकून त्या ढिगात मनगटापर्यंत हात खुपसला आणि डबी खेचायला मूठ वळली.

हाताला ऊब लागली.

तिच्या कानाजवळून काहीतरी निळंहिरवं फर्रकन गेलं आणि झुडपात शिरलं. थोरली तशीच वाकलेली राहिली. ढिगाचं छप्पर तिच्या मनगटावर आलं होतं. काड्यांचं, मुळांच्या धाग्यांचं, आतून मऊ पानं लावलेलं, आठवड्यांच्या कष्टाचं घुमटासारखं घर. त्यात दोन अंडी होती, मळकट पांढरी, जांभळ्या ठिपक्यांची. एक धड होतं. दुसऱ्यावर तिच्या नखाची चीर गेली होती आणि त्यातून पातळसं काही पाझरत होतं.

म्हणजे तो आलाच होता. इतके दिवस त्या डबीच्या धाकात आवाज गिळून, गुपचूप काड्या गोळा करत होता. काल पहाटे डबी थांबली, आणि आज त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यावर थोरलीने हे उत्तर दिलं होतं. दोन वर्षं ज्या शिट्टीसाठी ती कान लावून बसली, ती आल्यावर तिला तिसरीपर्यंत दम निघाला नव्हता. लाकूडवाले नाहीत, डॉक्टर नाहीत, धाकटाही नाही. हा हात तिचा होता, आणि तो तोडून टाकावा असं तिला वाटलं.

धाकटा धापा टाकत मागे येऊन उभा राहिला. त्याने पाहिलं. तो बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने थर्मासची पिशवी खाली ठेवली, गुडघ्यावर बसला आणि मोठीमोठी पानं वेचून तिच्या हातात देऊ लागला. तडकलेलं अंडं तिने हलकेच काढून घेतलं, म्हणजे त्या वासाने मुंग्या चढायला नकोत. छप्पर जमेल तसं परत बसवलं, पण पक्ष्याने जे चोचीने केलं होतं ते तिला दहा बोटांनी नीट जमेना.

ओढ्यापलीकडून डॉक्टरांनी हाक मारली. "काय हो, सापडलं का? आम्ही येतो तिकडे! मला फोटो काढायचाय त्याचा!"

पाण्यात बूट पडल्याचा आवाज आला. थोरली उठली. हे दोघं इथे आले, हे घर त्यांनी बघितलं, की खरा काजळ्या, घरटं, अंडं, फोटो, आणि आठवडाभरात घळीत कॅमेऱ्यांची रांग. आणि जे काही उरलं आहे तेही संपणार. काहीतरी ओरडायला तिने तोंड उघडलं. जन्मभर खरं तोंडावर फेकत आलेल्या बाईला ऐनवेळी खोटं सुचत नव्हतं.

"येऊ नका डॉक्टर!" धाकटा ओरडला. तो सटकन उठून ओढ्याकडे गेला. "सापडला! स्पीकरच आहे! माझाच! दुसरा होता, तो मी ताईपासून लपवला!"

"अरे, लाज आहे की नाही तुम्हाला?" आता डॉक्टर खरोखर चिडले. "काल माफी मागता आणि आज पुन्हा तेच? मला माझे सगळे पैसे परत पाहिजेत! आणि मी सगळीकडे लिहिणार आहे, सांगून ठेवतो!"

"लिहा डॉक्टर. चुकलं माझं. चला, परत फिरू या."

चौघं परतीच्या वाटेला लागले. डॉक्टर पुढून वळूनवळून धाकट्याला सोलत होते, चोर म्हणाले, भामटा म्हणाले, आणि तो प्रत्येक शब्दाला मान डोलवत होता. थोरली त्याच्या मागून चालत होती. तिच्या मुठीत ते तडकलेलं अंडं होतं, अजून पुरतं गार न झालेलं.

"ताई, तुम्ही कशा गप्प?" डॉक्टरांनी थांबून विचारलं. त्यांच्या नजरेत संशय आला. "काल तर केवढ्या तापला होतात."

धाकट्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, बोल.

"कान असून ऐकता येत नाही!" थोरली ओरडली. पाखरं फडफडून उठावीत असा तिचा आवाज फुटला. "जन्म गेला या जंगलात, पण एवढा धीर नाही! हात लावशील तिथे वाटोळं! तोंड दाखवायची लाज वाटायला पाहिजे!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि डॉक्टरांना वाटलं, भावाने केवढा छळ मांडलाय या बाईचा.

"जाऊ द्या ताई," डॉक्टरांची बायको वरमून म्हणाली. "इतकं पण नका बोलू त्याला."

तेवढ्यात मागून, घळीतून, शिट्टी आली. चौघंही थांबले.

"हा अजून वाजतोच आहे!" डॉक्टर म्हणाले. "बंद नाही केलात?"

"राहिलं," धाकटा म्हणाला. "सेल उतरले की थांबेल आपोआप."

दुसरी आली. डॉक्टर वैतागून पुढे चालू लागले आणि त्यांची बायको त्यांच्या मागे गेली. थोरली जागची हलली नाही. धाकटाही थांबला. तिसरी यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, निदान तिला तरी तसं वाटलं. मग ती आली, लांबलचक, शेवटाला किंचित वर चढणारी, आणि तिच्यामागे काही मोडलं नाही. घरट्यावर कुणी परतलं की नाही, हे त्या शिट्टीवरून कळण्यासारखं नव्हतं, आणि मागे जाऊन बघायचा हक्क थोरलीने आज स्वतःच घालवला होता.

धाकट्याने तिच्यापुढे हात पसरला. तिने मूठ उघडून ते अंडं त्याच्या हातावर ठेवलं.